मृगाआधी ट्रॅक्टरची टेंपरेचरची वायर बघून घ्या

पाऊस दारात आलाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गोव्यात लागतो, तरवा (भाताची रोपं) कोणी घातलाय, कोणी घालतोय, आणि ट्रॅक्टर मात्र वायंगणाचं (उन्हाळी) भात निघाल्यापासून शेडमध्ये धूळ खात उभा. चिखलणीच्या दिवशी चावी मारायची आणि निघायचं, हाच सगळ्यांचा प्लॅन. म्हणून दरवर्षी ओरडतो तेच परत ओरडतोय, टेंपरेचर सेन्सरची वायर आणि अर्थिंग आत्ता बघा, पाऊस लागल्यावर नको.

होतं काय ते सांगतो. शेतात पाणी भरलंय, केजव्हील (चिखलात चालायची लोखंडी चाकं) लावलेत, दोन मेरा (बांधांमधले तुकडे) झाल्या आणि टेंपरेचरचा काटा सरळ लाल पट्टीत. ड्रायव्हर घाबरून इंजिन बंद करतो. वाफ नाही, वास नाही, इंजिन नेहमीसारखंच गरम, पण मीटर बोंबलतंय. मग मेकॅनिकला फोन, तो त्या दिवसांत भेटत नाही. आपल्याकडे एक ट्रॅक्टर अख्ख्या वाड्याची शेतं करतो, त्यामुळे तो अडला की सगळेच अडले. तरवा 21 ते 25 दिवसांचा असताना लावणी व्हायला हवी, तो 30 च्या वर गेला की फुटवे कमी येतात, मग खत कितीही ओता. एका गंजलेल्या पिनेपायी भात गेलेलं मी बघितलंय, आणि ते रोगाकिडीने गेल्यापेक्षा जास्त लागतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. काटा उगाच वर जातो म्हणून ड्रायव्हर वायरच काढून टाकतो आणि 'हो तसंच असतं त्याचं' म्हणत काम चालू ठेवतो. मग ज्या दिवशी खरंच पाइप फुटून पाणी जातं त्या दिवशी कोणाला कळत नाही, हेड वाकतं, गॅस्केट जातं, सिझन गेला तो गेलाच.

खोटी बोंब ओळखायची कशी? सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनवर. चावी फक्त ऑन करा, स्टार्ट नको. काटा थंड बाजूला हवा. थंड इंजिनवर काटा लाल दाखवत असेल तर इंजिनचा काही संबंध नाही, भानगड वायरिंगची. (दिवा असेल तर काही मॉडेलमध्ये चावी ऑन केल्यावर तो थोडा वेळ लागून विझतो, ते ठीक आहे.) आता सेन्सर शोधा, रेडिएटरचा वरचा पाइप इंजिनला जिथे लागतो तिथेच थर्मोस्टॅटच्या आसपास तो बसवलेला असतो. एका वायरचा सेन्सर असेल तर वायर ओढून काढा. काटा खाली आला तर वायर आणि मीटर बरोबर आहेत, सेन्सर आतून शॉर्ट झालाय, तो बदला. काटा हललाच नाही तर वायर मध्येच कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय, नाहीतर मीटर गेलाय. दोन पिनांचे सेन्सर आणि 50 एचपीच्या वरचे नवे कॉम्प्युटरवाले ट्रॅक्टर यांच्यावर हा प्रयोग करू नका, तिथे वायर काढली की उलट एरर येतो, त्यांना स्कॅनरच लागतो.

अजून एक खूण. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल, किंवा टेंपरेचरबरोबर डिझेलचा काटाही चढत असेल, तर मीटरची अर्थिंग किंवा मीटरला जाणारा सप्लाय बघा. सेन्सर बदलून काही होणार नाही.

कारण अगदी साधं आहे. या सेन्सरचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर कमी होतो आणि मीटर तेवढंच वाचतं. वायरचं रबर गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं की रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, मीटरला वाटतं इंजिन पेटलं. उंदीर उन्हाळाभर शेडमध्ये हेच रबर खातात. आणि खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचा, खारा चिखल कनेक्टरमध्ये शिरला तर त्या ओलीतूनच करंट गळतो. काढून बघा, पिनेवर हिरवट पांढरा थर बसलेला दिसेल, नखाने खरवडला तर पूड पडते. माझा अंदाज, कुठल्या पुस्तकात नाही, चोडण-दिवाडी बेटांकडच्या ट्रॅक्टरना हा त्रास आतल्या डोंगराकडच्या सत्तरी तालुक्यातल्या ट्रॅक्टरांपेक्षा जास्त. खारी हवा काही सोडत नाही.

काम अर्ध्या दिवसाचंही नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पिना बारीक पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, बसवा, वरून पेट्रोलियम जेली. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवून खालचा रंग-गंज खरवडून लोखंड उघडं करा आणि परत गच्च आवळा. सेन्सर नवा लावताना आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, एका वायरच्या सेन्सरची अर्थिंग त्या आट्यांतूनच जाते. मी कनेक्टरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवतो, खालचं तोंड उघडं ठेवून, म्हणजे आत पाणी साचत नाही. खाजनातून आलात की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा पण प्रेशरचा फवारा वायरिंगवर सरळ मारू नका.

हे न करता सिझनला दुकानात गेलात तर काय हातात देतात माहीत आहे ना? आधी रेडिएटर फ्लशची बाटली, मग महागाचं कूलंट, मग वॉटर पंप, शेवटी 'रेडिएटरच बदला'. काटा तिथेच. थंड इंजिनवर सकाळची टेस्ट केल्याशिवाय एक पैसा सोडू नका. लीक बंद करणारी पावडर तर फुकट दिली तरी नको, ती रेडिएटरच्या बारीक नळ्याच बुजवते.

मात्र वाफ, कूलंटचा गोडसर वास, दगडासारखा कडक झालेला वरचा पाइप, बाटलीत बुडबुडे, ताकद कमी, यातलं काही दिसलं तर ती खोटी बोंब नाही. लोड काढा, आणि पाणी बाहेर येत असेल तर लगेच बंद. गरम असताना झाकण उघडायचं नाही. पाणी पार गेलेलं असेल तर सेन्सर कोरडा पडून काटा खाली दाखवू शकतो, म्हणून रोज सकाळी झाकण उघडून बघणं सोडू नका.

मशीनचं बाकी:
- फॅन बेल्ट अंगठ्याने 10 ते 15 मिमी दबला पाहिजे
- कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, खाजनाकडच्या विहिरीचं पाणी नाही
- रेडिएटरच्या जाळीतला भुसा फॅनच्या बाजूने हवा मारून काढा

शेताचं बाकी:
- बियाणं 3 टक्के मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम), तरंगतं काढा, बुडलेलं धुऊन सावलीत सुकवा
- सुधारित जातींना हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश, त्यातलं नत्र हप्त्यांनी, माती तपासणीचं कार्ड असेल तर त्याप्रमाणे
- खाजनात कोरगुट किंवा दुसरी खारं सोसणारी भाताची जात
- मानशीची (खाजनाचं पाणी अडवायच्या-सोडायच्या झडपेची) दारं, बांधाची भोकं पावसाआधी बघा

भाड्याचा ट्रॅक्टर आणत असाल तर रेट ठरवण्याआधी ड्रायव्हरला सांगा, चावी ऑन कर आणि काटा दाखव. त्या सेन्सरची वायर लोंबकळत असेल तर दुसरा ट्रॅक्टर बघा, आत्ता मिळेल, आर्द्रात मिळणार नाही.