कापूस घरी येईपर्यंत थांबू नका: पस्तिशीनंतरच्या गर्भधारणेची तयारी

आमच्याकडे दवाखान्याचं काम निघालं की एकच उत्तर असतं, "कापूस घरी येऊ दे, मग पाहू." कापसामागून तूर येते, मग हरभरा, मग लग्नसराई. माझी नणंद अशीच छत्तिशीपासून अडतिशीपर्यंत थांबली. त्या दोन वर्षांत तिने पिशवीभर गोळ्या खाल्ल्या, पण नवऱ्याची साधी तपासणी कोणी लिहून दिली नाही. ते गेलेले महिने मला अजून टोचतात. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून पाहिले तरी चालतं. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत डॉक्टर गाठायचा आणि चाळिशीनंतर आधीच. पाळी अनियमित असेल, किंवा पूर्वी नळीत गर्भ राहिला असेल, तर वय कितीही असो, थांबायचं नाही.

सगळ्यात आधी एक वही करा आणि पाळी आल्याची तारीख त्यात लिहा. तीन महिन्यांच्या तारखा मांडल्या की आपलं चक्र किती दिवसांचं ते कळतं. बीज साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटतं. म्हणजे 28 दिवसांच्या चक्रात चौदाव्या दिवसाच्या आसपास, 32 दिवसांच्या चक्रात अठराव्या. सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचा, आणि त्यात एक दिवसाआड संबंध आले तरी पुरे. इथे आपल्याकडची एक अडचण सांगते. रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगायी, यांच्यामुळे नवरा रात्री जागलीला वावरात असतो. त्या आठवड्याची जागली भावावर, पुतण्यावर सोपवा. कारण सांगायची गरज नाही.

मग नवऱ्याची वीर्यतपासणी. ही सगळ्यात सोपी, फारशी महाग नाही, आणि तीच सगळ्यात शेवटी होते, हे बदलायला हवं. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो आणि तो तासाभरात तपासायला लागतो. गावाहून डबी रुमालात गुंडाळून बसने नेली तर रस्त्यातच वेळ जातो. लॅबमध्ये जाऊन तिथेच द्या. एक रिपोर्ट कमी आला म्हणून खचू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करतात. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर त्यावर इलाज आहे. शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, त्यामुळे आज बंद केलेल्या खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा, फायदा तीन महिन्यांनी दिसतो. खर्रा, बिडी, दारू, तिन्ही सोडायचे. फवारणीचं काम शक्यतो दुसऱ्याला द्या. करावीच लागली तर हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि घरी आल्याबरोबर अंघोळ. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि बाईने धुवायचेच नाहीत.

विदर्भात सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून बाळाला येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी दोघांनीही केलीच पाहिजे. दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नाही पण बाळाकडे जाऊ शकतो असे, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस धडधाकट दिसतो, म्हणून "आमच्या घरात नाही" या बोलण्यावर जाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंनाही माहीत असतं.

बाईच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि रक्तदाब आधी. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर दिवस राहायच्या आधीच भरून काढा. सोनोग्राफी, गरज पडली तर एएमएच ही रक्ताची तपासणी आणि गर्भनळ्यांचा एक्स-रे. एएमएचवरून बीजांचा साठा किती ते कळतं, त्यांचा दर्जा कळत नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून दिवस राहणारच नाहीत असं नाही. नळ्या बंद होण्यामागे आपल्या देशात क्षयरोग हे एक मोठं कारण आहे, तेव्हा घरात कोणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, प्रयत्नाच्या तीन महिने आधीपासून. साखरेचा किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांचा डोस डॉक्टर ठरवतील. चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी त्यांना दाखवा, पण मनाने एकही बंद करू नका.

खाण्याचं फार अवघड नाही: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, वर लिंबू. चहा मात्र जेवणाबरोबर नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

"हमखास मुलगा" म्हणून मिळणारी पुडी घरात येऊ देऊ नका. त्यात काय कालवलंय ते देणाराही सांगत नाही आणि पोटातल्या बाळाला त्याची इजा होऊ शकते. टेस्ट ट्यूब बेबीचा विचार असेल तर 2021 च्या कायद्याने बाईला 50 आणि पुरुषाला 55 वर्षांची मर्यादा आहे. पण मर्यादेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही, स्वतःच्या बीजाने यश मिळण्याची शक्यता चाळिशीनंतर झपाट्याने घटते. पहिल्याच भेटीत विचारा: एकूण खर्च किती, त्यात इंजेक्शनं धरली का, आणि माझ्या वयाला लेकरू घरी येण्याची शक्यता किती.

पाळी चुकली की लगेच तपासणी आणि बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. अकरा ते चौदा आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, आईच्या वयाप्रमाणे बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता वाढते.

तालुक्याला जायच्या दिवशी पहिली बस धरा, दोघांनी मिळून. पिशवीत वही, जुने रिपोर्ट, आधार कार्ड. साखरेच्या तपासणीसाठी उपाशीपोटी जावं लागतं, म्हणून भाकरीचा डबा सोबत असू द्या आणि रक्त दिल्यावर तिथेच बसून खा.