लांबी मोजू नका, श्वास पाहा: मुलांनी पोहण्याचे टप्पे कसे ओलांडावेत

एप्रिल लागला की तलावांवर उन्हाळी बॅचची गर्दी होते आणि दुसऱ्याच आठवड्यात पालक विचारू लागतात, "सर, खोल पाण्यात कधी नेणार?" हा प्रश्न मुलाच्या तयारीवरून पडलेला नसतो, बॅच संपण्याच्या तारखेवरून पडलेला असतो. टप्प्यांची संख्या ठिकाणागणिक बदलते. अमेरिकन रेड क्रॉसच्या अभ्यासक्रमात शालेय मुलांसाठी सहा पातळ्या आहेत, तर आपल्याकडे कित्येक तलावांवर उथळ आणि खोल एवढीच वाटणी असते. क्रम मात्र सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

पहिल्या टप्प्यात मुलाने तोंड पाण्यात घालावे, डोळे उघडावेत आणि बुडबुडे काढावेत. दुसऱ्यात पोटावर आणि पाठीवर तरंगावे. त्याबरोबरच गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी पाणी खाली दाबून पुन्हा उभे राहायलाही शिकावे, कारण उभे राहता येते ही खात्री पटली की निम्मी भीती तिथेच संपते. त्यानंतर भिंतीला पाय लावून सरकणे आणि मग पाय मारणे येते. पाय कमरेपासून हलावेत, गुडघ्यापासून नव्हे.

दंडात घालायचे हवेचे फुगे मी माझ्या बॅचमध्ये चालू देत नाही. त्यांच्यामुळे मूल पाण्यात उभे लटकते आणि पोहायला लागते आडवे शरीर. विहिरीत शिकवणाऱ्यांचा पाठीला बांधलेला डबा किंवा पांगाऱ्याचे लाकूड यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे होते, कारण हात मोकळे राहत आणि अंग आडवे होई.

आता खरा अडथळा. पाय मारत, डोके पाण्यात ठेवून मूल पाच-सात मीटर सहज जाते आणि पालकांना वाटते की पोहणे आले. प्रत्यक्षात ते श्वास रोखून गेलेले असते. श्वास घ्यायची वेळ आली की ते डोके वर उचलते, कंबर व पाय खाली जातात आणि नाकातोंडात पाणी जाते. हा टप्पा कसा शिकवावा याने मला सुरुवातीची काही वर्षे छळले, कारण मीही इतरांसारखाच काठावरून "श्वास घे, श्वास घे" असे ओरडत असे. अडचण श्वास घेण्यात नसून सोडण्यात आहे. छातीत कोंडलेली हवा पाण्याखालीच सोडली नाही, तर तोंड बाहेर आल्यावर त्या निमिषभरात सोडणे आणि घेणे ही दोन्ही कामे उरकावी लागतात आणि ते कोणालाच जमत नाही. शिवाय हवा कोंडून ठेवल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, जीव घाबरा होतो आणि मूल दमले आहे असा आपला समज होतो.

म्हणून कठडा धरून, छातीइतक्या पाण्यात, आधी फक्त श्वास सोडण्याचा सराव घ्यावा: तोंड पाण्यात, नाकातोंडातून संथ व अखंड बुडबुडे, मग तोंड बाहेर आणि झटकन श्वास. सलग वीस वेळा न थांबता, डोळे न पुसता हे जमेपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर एक हात पुढे ताणून कुशीवर पाय मारायला लावावे. खालचा कान आणि गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. नजर छताकडे किंवा समोर गेली की डोके वळण्याऐवजी उचलले गेले, असे समजावे. हात मारणे यानंतरच जोडावे. या टप्प्यावर काही मुले चार दिवस घेतात, काही पूर्ण महिना. घाई केलेल्या मुलाचा बिघडलेला श्वास पुढे सुधारायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

एक सक्त ताकीद: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, ही पैज मुलांना कधीही लावू देऊ नये. भराभर श्वास घेऊन डुबकी मारल्यास श्वास घेण्याची इशारा देणारी ऊर्मी उशिरा येते, त्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपू शकते आणि वरून पाहणाऱ्याला मूल खेळते आहे असेच वाटत राहते.

श्वास बसला की खोल पाण्याची परीक्षा घ्यावी. मुलाने उडी मारावी, वर यावे, स्वतःभोवती वळावे, मिनिटभर ठाव न लागता पाण्यात उभे राहावे किंवा पाठीवर तरंगावे आणि मग पंचवीस मीटर पोहून काठ धरावा. यातले पाठीवर तरंगणे वगळणारा तलाव मला मान्य नाही. दमलेल्या मुलाला तेवढीच विश्रांती पाण्यात मिळते. बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी बटरफ्लाय हे शिकवायला चांगले प्रशिक्षक पुष्कळ मिळतात.

पावसाळ्यात खंड पडला असेल, तर पुढच्या हंगामात मुलाला गेल्या वर्षीच्या पातळीत थेट बसवू नये. पहिल्या दिवशी कठड्यापाशी तेच वीस श्वास घ्यायला लावावेत. ते नीट झाले तर त्याच आठवड्यात खोल भागाची परीक्षा पुन्हा घ्यावी, नाहीतर कुशीवरच्या सरावापासून सुरुवात करावी.