मुलाखतीला निघालेल्या पोरापोरींसाठी, चोपड्याकडून

"काही काम केलंय का आधी?"

"नाही सर. घरीच असते."

मुलगी अठरा वर्षांची, नुकतीच बारावी झालेली. दर रविवारी सकाळी आमच्या गावातल्या शाळेच्या ओट्यावर मी मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेतो. जळगावच्या एमआयडीसीत नोकरी केली, भरतीच्या वेळी अनेकदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. तिथे हेच उत्तर ऐकून किती हुशार मुलं परत गेली ते पाहिलंय, म्हणून हा उद्योग सुरू केला.

त्या मुलीला विचारलं, घरी असतेस म्हणजे काय करतेस? मग हळूहळू निघालं. वडिलांची केळी. कटाईच्या दिवशी घड मोजायचे, काट्याची पावती वहीत उतरवायची, मजुरांची हजेरी लावायची, व्यापाऱ्याने दिलेली उचल वजा करून बाकी काढायची. एकदा पावती आणि वही जुळेना, तेव्हा दीड क्विंटलचा फरक तिनेच शोधला होता. हे सगळं ती "घरीच असते" या दोन शब्दांत झाकून टाकत होती! त्या दिवशी आम्ही एवढंच केलं, तिचं उत्तर बदललं. "दोन वर्षं केळीच्या कटाईचा हिशोब मी ठेवते. एका गाडीच्या वजनातली चूक मी पकडली." बोलताना तिची मान आपोआप वर आली.

आपल्या खान्देशातली पोरं काम करत नाहीत असं घर शोधून सापडणार नाही. कुणी कापूस वेचतं, कुणी सुट्टीत चटईच्या कारखान्यात जातं, कुणी मामाच्या दुकानात बसतं. पण त्याला कामाचा अनुभव म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला आधी वही काढायला लावतो: काय केलं, किती दिवस, पैसे कुणाच्या हातात होते, काय बिघडलं आणि मग तू काय केलंस. पाठ केलेलं "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" हे मुलाखत घेणारा दिवसातून वीस वेळा ऐकतो. वहीतली गोष्ट तुझ्याशिवाय कुणाकडे नसते.

भाषेची भीती मोठी. "माले बोलता येत नही, सर," असं एक पोरगा म्हणाला होता, आणि तेही अहिराणीत अगदी खणखणीत. बोलता येतं बाळा, तुला अनोळखी माणसासमोर बोलायची सवय नाही. कारखान्यात मशीनवर मुलगा घेताना समोरचा इंग्रजी बघत नाही. साधी, नीट मराठी पुरते. प्रश्न कळला नाही तर "सर, परत सांगता का?" म्हणायचं. त्याने मार्क जात नाहीत, अंदाजाने ठोकून दिल्याने जातात.

आयटीआयवाल्यांना एक वेगळं सांगणं आहे. एका फिटर मुलाला विचारलं, व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, किती? "0.02 मिलिमीटर." ताडकन. मग कॅलिपर हातात दिलं, म्हटलं या पिनचा व्यास सांग. हात थरथरले. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर व्हर्नियरवर 50 भागांत वाटलेले असतात, म्हणून व्हर्नियरचा एक भाग 0.98 चा आणि मुख्य पट्टीच्या 1 मिलिमीटरशी त्याचा फरक 0.02 चा, हे त्याला कुणी समजावलंच नव्हतं. त्या रविवारी आम्ही पिना, वॉशर, सायकलच्या गोळ्या, जे हाती लागेल ते मोजत दुपार केली. ट्रेडमधलं जे हत्यार असेल ते मुलाखतीआधी आठवडाभर हाताळा, नुसती व्याख्या पाठ करून जाऊ नका.

भुसावळ जवळ, त्यामुळे पालक हमखास विचारतात, रेल्वेची मुलाखत कशी द्यायची? रेल्वेतल्या बहुतेक नोकऱ्या गट क मध्ये मोडतात, आणि केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क च्या भरतीतल्या मुलाखती बंद केल्या आहेत. तिथे परीक्षा, कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी. त्यामुळे "मुलाखतीत बसवून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ घरी या. आमच्या नात्यातल्या एकाचे असेच पैसे गेले, वरून मूळ दाखला अडकून पडला. मूळ कागद कुणाच्या ताब्यात ठेवायचे नाहीत. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची.

वय लपवू नका. शिकाऊ उमेदवार म्हणून 14 वर्षांनंतर घेता येतं, धोकादायक कामाला मात्र 18 पूर्ण लागतात. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतं का ते महिनाभर आधी बघा. दुरुस्तीला वेळ जातो.

मे महिन्यात जळगावला दहाची मुलाखत असेल तर पहिली एसटी धरा. उन्हात धावत पोहोचलेल्या पोराचा घसा कोरडा पडतो आणि सगळी तयारी तिथेच अडते. पाण्याची बाटली, कागदांची एक पिशवी, इस्त्रीचा साधा शर्ट, पायात चप्पल नको.

ती केळीची मुलगी सध्या एका डाळमिलच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळते. परवा रविवारी ती स्वतः ओट्यावर आली होती, धाकट्या बहिणीला घेऊन. बहिणीला मी विचारलं, काही काम केलंय का? तिने ताईकडे बघितलं आणि वही उघडली.