कोरियात तत्त्वज्ञान शिकायला जाताय? आधी ती पत्रं वाचा

माझा पहिला संशोधन-प्रस्ताव चार मिनिटांत परत आला. विषय होता ‘कन्फ्यूशियसचे विचार आणि आधुनिक कोरियन समाज’. क्योसुनिमनी (प्राध्यापकांना तिथे असंच म्हणतात) पेन्सिलीने एका शब्दाला गोल केला, पान उलटलं, पुन्हा गोल केला. शब्द होता ‘कन्फ्यूशियसमुळे’. सोळा गोल झाले. कोरियन लोक मोठ्यांना मान देतात, कन्फ्यूशियसमुळे. मुलं रात्री दहापर्यंत शिकवणीला बसतात, कन्फ्यूशियसमुळे. साहेब उठेपर्यंत ऑफिसात कुणी हलत नाही, तेही त्याच्याचमुळे. “हा शब्द काढून परत लिहा,” एवढंच ते म्हणाले. काढून पाहिला, तर प्रस्तावात काही उरलंच नाही.

पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करून मी सोलला गेले होते. आता दर महिन्याला कुणीतरी विचारतं, ‘मला पण जायचंय, काय करू?’ म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

आधी व्यवहाराचं. कोरियन सरकारच्या ग्लोबल कोरिया स्कॉलरशिपवर एम.ए.ला गेलात तर पहिलं वर्ष भाषेचं आणि पुढची दोन अभ्यासक्रमाची. भाषावर्ष संपेपर्यंत टॉपिक (TOPIK) या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी यावीच लागते. तिसरी आली की भाजी आणता येते, घरमालकिणीशी भांडता येतं. सेमिनार मात्र डोक्यावरून जातो. त्यासाठी पाचवी गाठा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हांजा, कोरियनमध्ये वापरली जाणारी चिनी अक्षरं. आजची पुस्तकं हांगुल लिपीत असतात आणि हांगुलमध्ये ‘सॉंग’ हा एकच उच्चार माणसाचा मूळ स्वभाव, मनाची सचोटी आणि संत या तिन्हींसाठी येतो. थ्वेग्ये यी ह्वांग या कोरियन कन्फ्यूशियन विद्वानांनी १५६८मध्ये राजा सॉन्जोला दहा आकृत्यांचा एक ग्रंथ सादर केला, ‘सॉंगहाक शिप्तो’. पहिले दोन आठवडे मी तो ‘स्वभावाचा अभ्यास’ म्हणून वाचत होते. तो होता ‘संतपदाचा अभ्यास’. माझ्या टिपणांची वही त्या पंधरवड्यात फुकट गेली. इथूनच रोज पाच अक्षरं गिरवायला घ्या.

थ्वेग्ये म्हणजे हजार वॉनच्या नोटेवरचे गृहस्थ. पाच हजाराच्या नोटेवर युल्गोक यी ई आणि पन्नास हजाराच्या नोटेवर युल्गोकच्या मातोश्री, शिन साइमदांग. खिशात अख्खा अभ्यासक्रम असतो म्हणा ना. पण या मंडळींचे ग्रंथ आधी उघडू नका. थ्वेग्ये आणि त्यांच्याशी वाद घालणारा तरुण विद्वान गी देसुंग यांची पत्रं उघडा. ‘हानगुक कोजॉन जोंगहाप डीबी’ या संकेतस्थळावर मूळ मजकूर आणि कोरियन भाषांतर शेजारी-शेजारी, फुकट वाचायला मिळतं.

पत्रांतला वाद मला ग्रंथालयात नाही, मेट्रोत कळला. सोलच्या मेट्रोत डब्याच्या टोकांना म्हाताऱ्यांसाठी, गरोदर बायकांसाठी राखीव जागा असतात. बाकी डबा खचाखच भरला तरी त्या बहुधा रिकाम्या राहतात. पहिल्या आठवड्यात मी थकून तिथे बसले. कुणी काही बोललं नाही. समोरच्या आजींनी फक्त एकदा माझ्याकडे आणि मग खिडकीकडे पाहिलं. मी ताडकन उठले. आता प्रश्न असा, की मला उठवलं कशानं? लाजेनं की भीतीनं?

हाच तो प्रश्न. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला जुना चिनी विचारवंत मेन्शियस, त्याने चार ‘अंकुर’ सांगितले: दया, लाज, दुसऱ्याला पुढे होऊ देण्याची नम्रता, बरंवाईट कळणं. शिवाय ‘लीजी’ या जुन्या चिनी रीतिग्रंथातल्या सात भावना: आनंद, राग, दुःख, भीती, प्रेम, द्वेष, इच्छा. लाज चारांत बसते, भीती सातांत. थ्वेग्ये म्हणत, दोन्हींचे उगम वेगळे. चार येतात ‘री’मधून, म्हणजे ज्या तत्त्वाने वस्तू तशी असते त्यातून, आणि सात येतात ‘गी’मधून, म्हणजे ज्याची ती घडते, ज्याने ती हलते त्यातून. गी देसुंगचं म्हणणं, असं फाडून वेगळं करता येत नाही. भावना सातच, त्यांतल्या नीट मापात उमटलेल्यांना आपण चार म्हणतो. १५५९मध्ये वाद सुरू झाला तेव्हा थ्वेग्ये ५८ वर्षांचे नामांकित विद्वान आणि गी देसुंग ३२ वर्षांचा, नुकताच राजपरीक्षा पास झालेला. काही वर्षं पत्रं चालली आणि त्या ओघात थ्वेग्येंनी आपलं सूत्र बदललं: चारांत री निघते आणि गी मागून येते, सातांत गी निघते आणि री तिच्यावर स्वार होते. पूर्ण माघार नाही, पण आधीचं वाक्य तसंच ठेवलंही नाही.

ते स्वार आणि घोडा वाचून मला कठोपनिषदातला रथ आठवला आणि मी उत्साहाने हात वर केला. क्योसुनिम म्हणाले, “घोड्यावर नीट बसायला शिका, मग रथाकडे जाऊ.” तेव्हा राग आला होता. पण आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला ही खोड असते, दोन ओळी वाचल्या की ‘हे आपल्याकडे आधीच आहे’.

ही पत्रं वाचून मी ठरवलं, आता सेमिनारमध्ये बिनधास्त बोलायचं. तसं करू नका. तिथे जन्मसाल विचारून मगच कुणाशी कसं बोलायचं ते ठरतं. सनबे, म्हणजे आपले सीनिअर, यांचं चुकलं तरी ‘मला नीट कळलं नाही म्हणून विचारते’ अशी सुरुवात करायची आणि मग मुद्दा अजिबात सोडायचा नाही. गी देसुंगची पत्रं नेमकी तशीच आहेत: भाषा वाकलेली, मुद्दा ताठ.

माझा दुसरा प्रस्ताव पूर्वजांच्या ताटावर होता. छुसॉकच्या सणाला बऱ्याच घरांत पितरांसाठी ताट मांडतात आणि त्याआधी बायका दिवसभर जॉन तळत बसतात. आपल्या धिरड्या-भज्यांच्या मधला प्रकार. २०२२च्या छुसॉकआधी सुंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन संस्थेनेच जाहीर केलं, की तळण लागत नाही, नऊ पदार्थ पुरेत. आधार दिला किम जांग-सेंग या जुन्या विद्वानाचा: पितरांना तेलकट वाढणं रीतीला धरून नाही. आमच्या घरमालकीणबाई टीव्हीसमोर तेलाचे हात पुसत म्हणाल्या, “चाळीस वर्षांनी सांगतात होय!”

उलट बाजूही आहे. एकाच कुळातल्या, एकाच आडनावाच्या लोकांना लग्न करता येत नसे, आपलं सगोत्रच. ‘किमहेचे किम’ (कुळाचं मूळ गाव किमहे, आडनाव किम) लाखांनी आहेत, त्यांच्यात प्रेम जमलं की संपलं. १९९७मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही बंदी संविधानाशी विसंगत ठरवली, २००५मध्ये पुरुषाला कुटुंबप्रमुख मानणारी होजू पद्धत. दोन्ही वेळा कन्फ्यूशियन संघटना विरोधात होत्या. एकच परंपरा एकीकडे ताट हलकं करते, दुसरीकडे दार अडवते. आता सांगा, ‘कन्फ्यूशियसमुळे’ काय झालं?

आणि भेटवस्तू. मी क्योसुनिमसाठी पुण्याहून बाकरवडी नेली होती. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, दोन्ही हातांनी परत दिलं. २०१६चा लाचविरोधी कायदा! तो लागू झाला त्या दिवशी आलेल्या पहिल्या तक्रारींपैकी एक होती विद्यार्थ्याने प्राध्यापकाला दिलेल्या कॉफीच्या कॅनची. जो तुम्हाला गुण देतो त्याला काही द्यायचं नाही. माया आणि लाच यांची सीमा कुठे, यावर शिकवणारे लोक घरच्या खाऊलाही हात लावत नाहीत, हे मला आधी कोरडं वाटलं होतं.

नोकरीचं खरं सांगते. तत्त्वज्ञानावर मिळाली नाही, भाषेवर मिळाली. रांजणगाव, चाकण, तळेगाव भागात कोरियन कारखाने आणि त्यांचे पुरवठादार आहेत, दुभाषे लागतात. तिथे ‘कोम्तोहे बोगेस्सुम्निदा’चं ‘विचार करून कळवतो’ असं भाषांतर केलं की आपली माणसं खूश होऊन वाट पाहत बसतात. बहुतेक वेळा तो नकार असतो. तसं मी हळूच सांगते, आणि त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

पदवी हातात आल्यावर मी पुन्हा अर्धा किलो बाकरवडी मागवून घेतली. प्रवासात निम्म्याचा चुरा झाला होता. क्योसुनिमनी तो वाटीत काढला, चमच्याने खाल्ला, आणि विचारलं, यात खसखस आहे का.