भाडेकरूसकट घर घेताना आधी त्याच्याशी बोला

भाडेकरू राहत असलेलं छोटं घर विकत घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या भाड्यावर हिशेब मांडू नका. गेल्या 12 महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा आणि भाडं दर महिन्याला पूर्ण जमा झालंय का, ते ओळीओळीने बघा.

मग विक्रेत्याला सांगून प्रत्येक भाडेकरूकडून सहीनिशी लिहून घ्या: भाडं किती, कुठपर्यंत भरलंय, डिपॉझिट किती दिलंय, करार कधी संपतो आणि मालकाने तोंडी काय कबूल केलंय. हा शेवटचा मुद्दा अजिबात सोडू नका. ‘वर्षभर भाडं वाढवणार नाही’ असा शब्द करारात कुठेच नसतो, पण भाडेकरू त्याच भरवशावर राहत असतो. त्याचंही ते घर आहे.

मालक बदलला तरी चालू करार नव्या मालकावर बंधनकारक राहू शकतो. डिपॉझिटही पुढे तुमच्याकडेच मागितलं जाईल, तेव्हा ती रक्कम किमतीतून वळती करून घ्या आणि खरेदीखतात तसं स्पष्ट लिहा.

घर बघायला जाल तेव्हा बेसिनखालचं कपाट उघडायची परवानगी मागा. आत बादली ठेवलेली दिसली, तर ‘कधीपासून गळतंय?’ एवढंच विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या.