पलंगापासून संडासापर्यंत: ज्येष्ठांचं पडणं कसं टाळावं

म्हातारं माणूस घरात पडलं की ‘वय झालं आता’ म्हणून विषय संपवतात. नीट पाहिलं तर कारण बहुधा साधंच निघतं: ओली फरशी, अंधार, पायात येणारा गाऊन, नाहीतर झोपेची गोळी. घरभर एकदम बदल करायची गरज नाही. रात्रीची पलंगापासून संडासापर्यंतची वाट आधी सुधारा.

दिवे बंद करून त्या वाटेने स्वतः एकदा चाला. टीपॉयचा कोपरा, चार्जरची वायर, सतरंजीची दुमडलेली कड, न्हाणीघराचा उंबरठा, सगळं पायाला लागेल. वायर भिंतीकडेने न्या, सतरंजी उचला, उंबरठ्याच्या कडेला फरशीहून वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा. एक नाइट लॅम्प वाटेत, एक बटण पलंगावरून हात पोचेल असं. जुन्या चादरीच्या घडीचं पायपुसणं काढा आणि रबरी तळाचं आणा.

झोपेतून ताडकन उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळून पाय खाली सोडा, मिनिटभर बसा, पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवा, मग पलंगाला धरून उभं राहा. लगेच चालू नका. बीपीचं मशीन घरात असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा मोजा, उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. पुरुषांनी रात्री लघवीला बसावं. उभ्याने करताना चक्कर येऊन पडणारे कमी नाहीत.

न्हाणीघरात बहुतेक जण टॉवेलच्या दांडीला धरून उठतात. ती टॉवेलापुरतीच असते. व्हॅक्यूमने चिकटणारी हँडलं तर नकोतच, ओल्या टाइलवरून कधी सुटतील नेम नाही. स्टीलची ३२ ते ४० मिमी जाडीची, शंभर किलोंहून जास्त भार पेलणारी दांडी घ्या. भिंत आणि दांडी यांत चारेक सेंमी जागा हवी. एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागी. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) पुरतो. नव्या इमारतींतल्या एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांत) तो सैल होतो, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रासायनिक गोंद भरून बसवलेला बोल्ट लागतो. ठोकून पोकळ वाजणाऱ्या टाइलवर दांडी बसवू नका. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला मिस्त्रीला सांगा, नाहीतर तडा जातो. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने सगळं वजन टाकून ओढून बघावी.

आंघोळीचा हलका प्लास्टिकचा स्टूल ओल्या फरशीवर सरकतो. पायांना रबरी बूट असलेली खुर्ची घ्या आणि बादली उंचावर ठेवा, म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागत नाही. आतून कडी नको. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाचाच अडसर होतो, ते बाहेर उघडेल असं करून घ्या. दिवाळीचं अभ्यंग असो की काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणं, खाली पाय ठेवण्यापूर्वी तळवे फडक्याने कोरडे करा. वरून मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणं आणखी घातक.

औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. झोपेच्या, बीपीच्या, प्रोस्टेटच्या, साखर उतरवणाऱ्या गोळ्या, सर्दीची झोप आणणारी औषधं, सगळ्यांनीच तोल जाऊ शकतो. मात्र मनाने काही बंद करू नका. पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासा.

‘पडशील, बसून राहा’ हा सल्ला सर्वांत वाईट. बसून मांड्या उतरतात आणि पडणं वाढतं. खुर्ची भिंतीला टेकवून हात न लावता उठ-बस, झेपेल तितकी, हळूहळू दहापर्यंत. ओट्याला धरून टाचा उचलणं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे टेकवून दहा सेकंद उभं राहणं. तेवढंही जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टला गाठा.

काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. दोन नंबरांच्या चष्म्यातून उतरताना खालची पायरी धूसर दिसते, मान खाली करून वरच्या काचेतून पाहा. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि खराट्याने घासा. बाहेर मागे पट्टा असलेली, खाचांच्या तळाची चप्पल, स्लीपर नको. रिक्षात आधी पाठ वळवून बसा, मग पाय आत घ्या. एसटी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठू नका, कंडक्टर ओरडला तरी.

पडलंच कुणी तर काखेत हात घालून लगेच उचलू नका. जांघेत दुखतंय, एक पाय आखूड वाटतोय, पाऊल बाहेर वळलंय, म्हणजे खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. न हलवता १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठेच दुखत नसेल तर कुशीवर वळून रांगत खुर्चीपर्यंत जावं, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, जोर असलेला पाय पुढे रोवून उठावं.