फिन प्लेट लावताय? आधी तिचं मूळ बघा

आमचं वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत, शेडमधले मेझनाइन (मधले मजले) आणि प्लॅटफॉर्म हेच रोजचं काम, आणि नवीन पोरगा आला की पहिली चूक हमखास फिन प्लेटमध्ये करतो म्हणून एकदा नीट लिहितोय.

फिन प्लेट म्हणजे कॉलमला उभी वेल्ड केलेली पट्टी, बीमचा वेब (मधला उभा पत्रा) तिला बाजूने टेकवायचा आणि बोल्ट मारायचे. हा जॉइंट शिअरसाठी, म्हणजे बीमवरचा खाली येणारा भार कॉलमला द्यायला असतो, बीमचं टोक त्यात थोडं फिरायला मोकळं राहिलं पाहिजे. आणि इथेच लोक चुकतात, मजबूत व्हावं म्हणून जाड प्लेट लावतात. बोल्टच्या व्यासाच्या निम्म्याहून जाड प्लेट नको, म्हणजे एम२० (२० एमएम व्यासाच्या) बोल्टला १० एमएम खूप झाली. लोड आला की प्लेटचं भोक आधी किंचित लांबट झालं पाहिजे, मग टोक फिरतं आणि बोल्ट-वेल्ड वाचतात. १६ एमएमचा तुकडा पडलाय म्हणून तोच लावला तर भोक तसंच राहतं आणि सगळा ताण वेल्डवर येतो.

आयएसएमबी ३०० चं, म्हणजे ३०० एमएम उंचीच्या आय-आकाराच्या बीमचं उदाहरण घ्या. प्लेटची उंची बीमच्या उंचीच्या निदान ०.६ पट, म्हणजे १८० च्या वर, आपण २०० घेतो. जास्त ताकदीच्या ८.८ ग्रेडचे तीन एम२० बोल्ट, मधलं अंतर ६०, वर-खाली ४०-४०. रुंदी १००, त्यात बीम आणि कॉलममध्ये २० ची फट. भोक २२ चं आणि ते ड्रिलनेच पाडायचं, गॅसने अजिबात नाही. किती लोड चालेल ते मात्र आयएस ८०० (स्टील बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे डिझाइनरकडून काढून घ्या, कारण बोल्टची लाइन वेल्डपासून ६० एमएम लांब आहे, त्याचा मोमेंटही (वळवणारा जोर) धरावा लागतो.

वेल्ड दोन्ही बाजूंनी ८ एमएम फिलेट, म्हणजे प्लेट आणि कॉलमच्या कोपऱ्यात भरलेलं. आमच्याकडे एकदा कॉलमवरचा प्रायमर न घासताच वेल्ड मारलं होतं, वरून मस्त दिसत होतं, ग्राइंडर फिरवला तर आत टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं, सगळं काढून परत केलं. तेव्हापासून मी प्लेटच्या मुळाशी दोन बोटं रुंद जागा चकाचक घासल्याशिवाय वेल्डरला हात लावू देत नाही.

आता कूलिंगचे फिन, म्हणजे यंत्राची उष्णता हवेत सोडणाऱ्या पाती. हिशोब वेगळा आहे, पातळ आणि जास्त पाती हव्यात, पण मूळ इथेही तितकंच महत्त्वाचं. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता साध्या स्टीलच्या साधारण चौपट वाहते म्हणून हीटसिंक (पाती असलेला उष्णता काढणारा ठोकळा) त्याचाच. पात लांब केली म्हणजे फायदा वाढतच जातो असं नाही, टोक मुळापेक्षा थंड असतं, तिथून कमी उष्णता जाते. बसवताना दोन्ही पृष्ठभाग पुसायचे, थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ थर द्यायचा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. पंखा नसेल तर पाती उभ्याच ठेवा, गरम हवा वर जायला वाट लागते, आडव्या पातींत ती अडकते.

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) फिनमध्ये ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा बसतो, आणि पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेत त्याची खपलीच होते. सप्लाय बंद करून, मॅन्युअलमध्ये दिलीयत तेवढी मिनिटं थांबून, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. ब्लोअर मारू नका, चुरा उडून आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर बसतो आणि शॉर्ट होतो.